दुर्बिणीचा व्यास कुठे गेला?

स्टेलॅरियम हे सॉफ्टवेअर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी उघडलं असेल. संगणकावर फुकट मिळतं, मोबाईलवरही आहे. फाबियाँ शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने ते २००० साली लिहायला घेतलं आणि त्याची १.० ही आवृत्ती आली ऑक्टोबर २०२२मध्ये. म्हणजे बावीस वर्षं ‘शून्य पॉइंट काहीतरी’ राहून हे सॉफ्टवेअर जगभर वापरलं गेलं. आमच्या धंद्यात दर पंधरवड्याला काहीतरी रिलीज करून टाळ्या घ्यायची रीत आहे, त्यामुळे या संथपणाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुढे जी तक्रार येणार आहे ती या आदरासकट वाचावी.

तक्रार त्यातल्या ‘ऑक्युलर्स’ या प्लगइनबद्दल आहे. हे प्लगइन दुर्बिणीच्या आयपीसमधून (मराठीत नेत्रिका, पण आकाशदर्शनाला जाणारा कुणीही आयपीसच म्हणतो) काय दिसेल ते पडद्यावर दाखवतं. तुम्ही दुर्बिणीचं नाभीय अंतर टाकायचं, भिंगाचा किंवा आरशाचा व्यास टाकायचा, आयपीसचे आकडे टाकायचे, मग एखादा ग्रह किंवा तारकागुच्छ निवडून कंट्रोल आणि ओ दाबायचं. पडदा काळा होतो, मधोमध एक गोल उरतो आणि त्या गोलात गुरू, शनी, मृगातला तेजोमेघ, जे निवडलं असेल ते. ज्याच्याकडे दुर्बीण नाही त्याला हा गोल म्हणजे दुर्बीणच वाटते. घोळ तिथेच आहे.

हा विषय माझ्याकडे आला तो गावाकडून. मी सास्तूरचा. धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका. नोकरी पुण्यात, पण गावातल्या पोरांच्या लेखी मी ‘कॉम्प्युटरवाला दादा’, त्यामुळे लॅपटॉप कुठला घेऊ इथपासून ते सातबारा ऑनलाइन का दिसत नाही इथपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. या वर्षी सात-आठ पोरांनी मिळून दुर्बीण घ्यायचं ठरवलं. दोन पर्याय काढले होते. एक ७० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची, दुसरी ११४ मिलिमीटर आरशाची. दोन्हींचं नाभीय अंतर ९०० मिलिमीटर. किमतीत बराच फरक. पोरं हुशार, त्यांनी दोन्ही दुर्बिणी स्टेलॅरियममध्ये घातल्या, दोन्हींतून गुरू, शनी आणि मृगाचा तेजोमेघ पाहिला आणि मला सहा स्क्रीनशॉट पाठवले. खाली मेसेज: ‘दादा, दोन्ही बी सेमच दिसायलंय की. मग सत्तरचीच घेऊत ना?’

स्क्रीनशॉट खरंच सारखे होते. गुरू तेवढाच, पट्टे तेवढेच, तेजोमेघ तसाच गुलाबी. पोरांचं काही चुकलेलं नव्हतं. दिलेल्या पुराव्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष बरोबर होता. पुरावा अपुरा होता. ११४च्या आरशाचं क्षेत्रफळ ७०च्या भिंगापेक्षा २.६५ पट आहे, म्हणजे तो तितका जास्त प्रकाश गोळा करतो. दुर्बीण विकत घेताना पैसे द्यायचे असतात ते मुख्यतः याचेच. आणि सॉफ्टवेअरने नेमका तोच फरक खाल्ला होता.

असं का होतं ते समजायला कोड पाहावा लागतो. स्टेलॅरियम मुक्तस्रोत आहे, कुणीही पाहू शकतं. गोल किती अंशांचा दाखवायचा हे ठरवणारं गणित अगदी छोटं आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर म्हणजे विवर्धन. ९०० भागिले २५ म्हणजे ३६ पट. आयपीसला डोळा लावल्यावर जो गोल दिसतो तो समजा ५२ अंशांचा असेल, तर ५२ भागिले ३६ म्हणजे आकाशाचा १.४४ अंशांचा तुकडा. आयपीसच्या आत एक कडी असते, जी गोलाची कड ठरवते. तिचा व्यास ठाऊक असेल तर सॉफ्टवेअर तो दुर्बिणीच्या नाभीय अंतराने भागून ५७.३ने गुणतं (एका रेडियनमध्ये तेवढे अंश असतात). कडी २१ मिलिमीटरची धरली तर उत्तर १.३४ अंश येतं. दुसरा हिशेब जास्त नेमका, पण पहिल्यानेही काम भागतं.

आता या दोन्ही सूत्रांत व्यास कुठे आहे ते शोधा. नाही. गोलाच्या मापाशी त्याचा संबंधच नाही, त्यामुळे इथे तो नसणं बरोबरच. व्यास लागतो तो गोलाच्या आत काय आणि किती उजळ दिसणार हे ठरवताना. तिथे प्लगइन त्याचा उपयोग जवळजवळ फक्त ताऱ्यांपुरता करतं. सेटिंगमध्ये एक पर्याय आहे, तो चालू केला की दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरचे अंधुक तारे गाळले जातात. ७० आणि ११४मध्ये हा फरक साधारण एका प्रतीचा आहे, म्हणजे मोठ्या दुर्बिणीत सुमारे अडीच पट अंधुक तारेही दिसतात. पर्याय चालू करून दोन्ही गोल शेजारी ठेवले तर हा फरक दिसतो. पण ग्रह? तेच. तेजोमेघ? तोच फोटो. दीर्घिका? तोच फोटो.

म्हणजे या प्लगइनमध्ये नाभीय अंतराचं अनुकरण आहे, व्यासाचं बहुतांशी नाही. वस्तू कुठे असेल आणि गोलात किती जागा व्यापेल हे ते अचूक सांगतं. ती दिसेल का, हे सांगत नाही.

ज्याने एकदा दुर्बिणीला डोळा लावला आहे त्याला हे माहीत असतं, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. तो गोल बघतो आणि मनातल्या मनात रंग काढून टाकतो. पण हा गोल सर्वांत जास्त कोण बघतं? ज्याने अजून दुर्बीण पाहिलेलीच नाही तो. भाषांतर वाचणाऱ्याला मूळ भाषा येत असेल तर भाषांतरकाराच्या चुका तो स्वतःच दुरुस्त करून घेतो. येत नसेल तर त्याच्यासाठी भाषांतर हेच मूळ. सास्तूरच्या पोरांसाठी स्टेलॅरियम हेच मूळ होतं.

यातला सर्वांत ढळढळीत प्रकार रंगांचा. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, मेसिए ४२, स्टेलॅरियमच्या गोलात गुलाबी-जांभळा दिसतो. तो दीर्घ काळ उघडझाप न करता घेतलेल्या छायाचित्राचा तुकडा आहे, योग्य मापात, योग्य जागी चिकटवलेला. माणसाचा डोळा मंद प्रकाशात ज्या पेशींनी पाहतो त्यांना रंग कळत नाहीत. म्हणून छोट्या दुर्बिणीतून हाच तेजोमेघ राखाडी दिसतो, फार तर किंचित हिरवट. पंखा उघडल्यासारखा आकार आणि मध्ये चार ताऱ्यांचा इवलासा चौकोन. मला विचाराल तर हे दृश्य फोटोपेक्षा सुंदर आहे, पण ते सुंदर वाटायला आधी फोटो विसरावा लागतो. गेल्या हिवाळ्यात गावातल्या शाळेच्या मैदानात एकाने पाहुण्याची दुर्बीण आणली होती तेव्हा रांगेतल्या एका पोराने डोळा लावला, चार सेकंद पाहिलं आणि म्हणाला, ‘मोबाईलमधलं बरंय की.’ मागचे हसले. तो खोटं बोलत नव्हता.

इथे एक गोष्ट अनेकांना पटत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. तेजोमेघासारख्या पसरट वस्तूचा पृष्ठभाग कुठलीही दुर्बीण नुसत्या डोळ्यांपेक्षा उजळ करू शकत नाही. ती फक्त मोठा करते. प्रकाश जास्त गोळा होतो हे खरं, पण विवर्धनामुळे तो जास्त जागेवर पसरतो. आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या शलाकेची जाडी किती, यावर तेजोमेघ किती उजळ दिसेल ते ठरतं. २५ मिलिमीटरचा आयपीस लावला तर ७०च्या दुर्बिणीत ही शलाका सुमारे १.९ मिलिमीटरची येते, ११४मध्ये ३.२ची. तेवढंच विवर्धन, तेवढाच मोठा तेजोमेघ, पण ११४मध्ये त्याचा पृष्ठभाग २.६५ पट उजळ. हे गणित करायला लागणारे सगळे आकडे तुम्ही प्लगइनला आधीच दिलेले असतात. ते करत नाही, इतकंच.

दुसरं उदाहरण मला यापेक्षाही आवडतं, कारण त्यात इतिहास आहे. शौरी तारकासमूहातला मेसिए १३ हा बंद तारकागुच्छ. शार्ल मेसिएने तो १७६४ साली पाहिला आणि नोंद केली की हा तेजोमेघ आहे, यात एकही तारा नाही. मेसिए काही ऐरागैरा निरीक्षक नव्हता. धूमकेतू शोधण्यात त्याची हयात गेली. पण त्याच्या दुर्बिणीला ते तारे सुटे करून दाखवता येत नव्हते. पुढे विल्यम हर्शेलने मोठ्या आरशातून तोच गुच्छ पाहिला आणि त्याला तारेच तारे दिसले. वस्तू तीच, व्यास वेगळा. आता स्टेलॅरियममध्ये मेसिएच्या दुर्बिणीचे आकडे घाला आणि मेसिए १३वर जा. गोलात हजारो तारे चमचमताना दिसतील. मेसिएला जे आयुष्यभर दिसलं नाही ते त्याच्याच दुर्बिणीतून! असा पडदा पाहिलेला माणूस मेसिएची नोंद वाचेल तेव्हा त्याला मेसिए आंधळा होता असंच वाटेल.

आता दुसरी बाजू, कारण सगळीकडे हे सॉफ्टवेअर वस्तुस्थिती फुगवून दाखवतं असं नाही. काही ठिकाणी ते चक्क कमी दाखवतं. १० मिलिमीटरच्या आयपीसने ९०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत ९० पट विवर्धन मिळतं. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा त्याचा व्यास सुमारे ४५ विकला असतो, म्हणजे आयपीसमध्ये तो १.१ अंशाचा दिसतो. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राच्या दुप्पट. पण लॅपटॉपच्या पडद्यावर तो ५२ अंशांचा गोल १७ सेंटिमीटरमध्ये बसवलेला असतो आणि तुम्ही बसता अर्ध्या मीटरवर. तिथून तो गोल जेमतेम १९ अंशांचा दिसतो, आणि त्यातला गुरू चंद्राहून लहान. मोबाईलवर तर दीड मिलिमीटरचा ठिपका. खऱ्या मापात पाहायचं तर सात सेंटिमीटर रुंदीचा मोबाईल डोळ्यापासून सात सेंटिमीटरवर धरायला हवा. तिथे कुणाचीच नजर लागत नाही. (करून पाहू नका, मी पाहिलंय.)

मग माणूस काय करतो? दोन बोटं ठेवतो आणि चिमटीने मोठं करतो. गुरू पडदाभर होतो, पट्टे, लाल डाग, सगळं रेखीव. ज्या क्षणी ही चिमूट सुरू होते त्या क्षणी आयपीस संपतो. खऱ्या आयपीसला चिमूट नसते. विवर्धन वाढवायचं तर आयपीस बदलायचा, आणि बदलला की दृश्य मोठं होतं तसंच अंधुक होतं, वातावरणाची थरथरही मोठी होते. पडद्यावरचा शनी थरथरत नाही. त्याच्या कड्यांमधली काळी फट ७०मध्ये आणि ११४मध्ये सारख्याच सुबकपणे कोरलेली असते. प्रत्यक्षात ती दिसणं व्यासावर अवलंबून असतं, आणि त्या रात्रीच्या हवेवरही. काही रात्री दिसते, काही रात्री नाही, काही रात्री दोन सेकंद दिसून जाते आणि तुम्ही शेजारच्याला ‘बघ बघ’ म्हणेपर्यंत हवा पुन्हा गढूळ होते.

वेळेच्या बाबतीत मात्र स्टेलॅरियममध्ये एक छुपा प्रामाणिकपणा आहे, जो फारसा कुणी वापरत नाही. वस्तू निवडली की सॉफ्टवेअर तिच्या मागे मागे फिरतं, म्हणून गुरू गोलाच्या मध्यावर ठिय्या देऊन बसलेला दिसतो. हा पाठलाग बंद करता येतो. बंद करा आणि हात बाजूला ठेवून पाहत बसा. ९० पटीला गोल ०.५८ अंशांचा आहे, आकाश दर मिनिटाला पाव अंश सरकतं, म्हणून मध्यावरचा गुरू साधारण सत्तर सेकंदांत कडेबाहेर जातो. मोटर नसलेल्या साध्या दुर्बिणीत हेच होतं. ती सतत हाताने ढकलावी लागते, आणि रांगेत दहा पोरं असतील तर प्रत्येकाच्या आधी गुरू पुन्हा मध्यावर आणावा लागतो. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दुर्बिणीशेजारी उभा असलेला माणूस सारखा वाकत-उठत का असतो, हे या सत्तर सेकंदांत कळतं. माझ्या मते ऑक्युलर्समधलं हे सर्वांत खरं दृश्य.

तारकागुच्छांच्या बाबतीतही मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवीन, मेसिए १३सारखे दाट गुच्छ सोडून. कृत्तिका १.४४ अंशांच्या गोलात पूर्ण मावत नाहीत, पण त्यातले ठळक तारे मावतात. हे सॉफ्टवेअर सांगतं आणि आयपीसमध्ये तसंच दिसतं, कारण तारे ठिपकेच असतात आणि ठिपक्यांच्या जागा हेच तर या सॉफ्टवेअरचं खरं सामर्थ्य आहे. देवयानी दीर्घिकेबद्दल ते अर्धं खरं सांगतं. दीर्घिका सुमारे तीन अंश लांब आहे, गोलाबाहेर सांडते, हे बरोबर. पण छोट्या दुर्बिणीत तिचा मधला धूसर गाभाच दिसतो आणि तो गोलात आरामात बसतो. म्हणजे मापाचं उत्तर बरोबर येऊनही दृश्य चुकतं.

सारख्याच जातीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं, केस्टार्सचं, नाव इथे घ्यायला हवं. त्यातला ‘आयपीस व्ह्यू’ दृश्य उलटं-सुलटं कसं दिसेल याचा जास्त विचार करतो. आरशाच्या दुर्बिणीत चित्र पूर्ण उलटं होतं, भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावला की डावं-उजवं बदलतं. स्टेलॅरियममध्येही दोन खुणा करून हे साधता येतं, पण त्या खुणा आपण करायच्या. नवखा माणूस त्या करत नाही आणि मग नकाशातला तारा डावीकडे आणि आयपीसमधला उजवीकडे म्हणून अर्धा तास चुकीच्या जागी शोधत बसतो.

स्टेलॅरियमला जे जमतं ते किती जबरदस्त जमतं, हे दाखवायला मी एक तारीख घालतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आमच्याकडे ही वेळ कुणाला सांगावी लागत नाही. किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. साडेनऊ हजारांहून अधिक माणसं गेली, ५२ गावं उद्ध्वस्त झाली, त्यात सास्तूर. जाड दगड-मातीच्या भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद, अशी घरं होती. ती झोपलेल्यांवर बसली. मी त्यानंतर जन्मलो, पुनर्वसनात बांधलेल्या घरात. आमच्या पिढीला ती रात्र ऐकूनच ठाऊक.

सास्तूरचे अक्षांश-रेखांश टाकून ती वेळ लावली की रोहिणी जवळजवळ डोक्यावर येते, जराशी पूर्वेला. कृत्तिका माथ्यावरून किंचित पश्चिमेला कललेल्या. मृग पूर्वेकडे उंच, आग्नेयेला व्याध. आणि पश्चिमेला क्षितिजापासून साधारण २५ अंशांवर चंद्र, ९९ टक्के उजळलेला. कंट्रोल आणि ओ दाबलं की तो १.४४ अंशांच्या गोलात तिसरा हिस्सा व्यापून बसतो. तीस वर्षांपूर्वीची रात्र, आणि सॉफ्टवेअरला क्षणभरही विचार करावा लागत नाही. पडद्यावर मात्र क्षितिजापाशी फ्रान्समधलं गेरँ नावाचं खेडं दिसत राहतं, कारण ते स्टेलॅरियमचं मूळ क्षितिजचित्र आहे. (मी नंतर आमच्या गच्चीवरून चौफेर फोटो काढून सास्तूरचं क्षितिज बनवलं. अर्ध्या तासाचं काम आहे, आपापल्या गावाचं करून ठेवा.)

मी आज्जीला विचारलं, त्या रात्री चांदणं होतं का? ती म्हणाली, ‘वर कोण बघतंय बाबा. समदा धुराळाच हुता.’ स्टेलॅरियमच्या आकाशात ढग येत नाहीत. धुरळाही नाही. तिथे चंद्र कायम हिशेबाप्रमाणे असतो. मला त्या पडद्याबद्दल राग नाही. उलट ती वेळ लावून मी बराच वेळ बसलो होतो, आणि आज्जीचं वाक्य ऐकल्यानंतरही पुन्हा लावली. पण चंद्र आकाशात असणं आणि चंद्र कुणाला दिसणं या दोन गोष्टींमध्ये काय काय असतं ते तिच्या वाक्यात होतं, प्लगइनमध्ये नव्हतं.

आज्जीला आकाश येतं. तिला सप्तर्षी म्हणजे बाज आणि तीन चोर, मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे म्हणजे तिकांडं. तिकांडं कुठवर चढलंय यावरून रात्र किती उरली ते ती सांगायची. भूकंपानंतर कित्येक महिने लोक छताखाली झोपायला धजत नव्हते, तेव्हा तर उशाला आकाशच होतं. ती एकही वस्तू मोठी करून पाहत नाही, पण वेळ आणि जागा यांचा हिशेब तिला स्टेलॅरियमसारखाच पक्का येतो. शिवाय आज दिसेल की नाही हेही ती सांगते, वारा बघून.

पोरांना मी काय कळवलं? पहिलं, ११४ घ्या. दुसरं, स्टेलॅरियममध्ये तेजोमेघ आणि दीर्घिकांचे फोटो बंद करता येतात, ते बंद करा; फक्त तारे आणि गोल ठेवा. तिसरं, दुर्बीण येईपर्यंत वहीवर वाटी ठेवून गोल काढा आणि ती आल्यावर प्रत्येकाने जे दिसतंय तेच त्या गोलात पेन्सिलीने काढा. ही जुनी रीत आहे. १८४५ साली लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमध्ये १८३ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून मेसिए ५१ पाहून त्यातले भोवरे हाताने कागदावर काढले, तेव्हा दीर्घिकांचा फोटो ही चीजच नव्हती. अशा चित्रात व्यास आपोआप येतो, कारण जे दिसलं नाही ते काढता येत नाही. दोन गोल शेजारी ठेवले, एक स्टेलॅरियमचा आणि एक पेन्सिलीचा, की मधला फरक म्हणजे तुमची दुर्बीण, तुमची हवा आणि तुमचा डोळा.

यावर एकाने विचारलं, ‘दादा, तू तर कोड लिहितोस. मग तूच नीट करून दे की.’ प्रश्न रास्त आहे. मी कागदावर मांडून पाहिलं. प्रत्येक तेजोमेघाची प्रत आणि पसारा यादीत आहेत, त्यावरून पृष्ठभाग किती उजळ ते काढता येतं. व्यास आणि आयपीसवरून शलाकेची जाडी. गावच्या आकाशात दिव्यांचा उजेड किती, याचं सेटिंग स्टेलॅरियममध्ये आधीच आहे. या तिन्हींवरून फोटो किती मंद करायचा आणि त्यातला रंग किती काढायचा ते ठरेल. व्यासाला शोभेल इतपत ग्रह धूसर करायचा, थोडी थरथर घालायची. अवघड आहे, अशक्य नाही.

अडचण पुढे आहे. डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पडद्याकडे पाहत असताना तो सरावतच नाही, म्हणून तर स्टेलॅरियममध्ये सगळं लाल करणारा रात्रीचा मोड ठेवलेला आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मराठी वाचकांसाठी आकाशावर ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं, त्याचं दुसरं नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. त्यातली पहिली डोळ्यांनाच द्यावी लागते. माझं प्लगइन नेमकं करायचं झालं तर कंट्रोल आणि ओ दाबल्यावर त्याने एक घटका काळा पडदा दाखवायला हवा आणि मग हळूहळू मृगाचा राखाडी पंखा उघडायला हवा. मी हे पोरांना सांगितलं. ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही, मग एकाने विचारलं की स्किपचं बटन असेल ना.